आम्ही मधूनच जाणार

माझं लहानपण बंगल्यात गेलं असं सांगितलं की लोक कौतुकानं बघतात. मग मला दुरुस्ती करावी लागते. बंगल्यात नाही, बंगल्याच्या मागे. वडील साहेबांच्या जीपवर ड्रायव्हर होते. कंपाउंडाच्या अगदी शेवटच्या टोकाला ड्रायव्हरसाठी दोन खोल्या होत्या, त्यांना सगळे आउटहाउस म्हणायचे. आई म्हणायची औटोस. खोल्यांची दारं बंगल्याकडे पाठ करून होती. बांधणाऱ्यानं ती मुद्दाम तशी ठेवली होती, म्हणजे मडमेला व्हरांड्यात बसून आमच्या चुली दिसू नयेत.

इंग्रजांच्या काळात घाटावरची इथली हवा साहेबलोकांना मानवली, म्हणून त्यांनी कचेरी इथे आणली. पण जुन्या गावात आणली नाही. गाव नाल्याच्या अलीकडे होतं, दाटीवाटीचं, वाकड्या गल्ल्यांचं. साहेबांनी नाल्याच्या पलीकडे भलंमोठं माळरान मोकळं सोडलं आणि त्याच्याही पलीकडे आपले बंगले, कचेरी, दवाखाना मांडला. प्रत्येक बंगल्याला शेतभर कंपाउंड. रस्ते असे रुंद की घोडागाडी न थांबता वळावी. मधलं माळरान कशासाठी सोडलं हे शाळेत कुणी शिकवलं नाही. गावातला धूर, गावातला आजार आणि गावातली माणसं लांब राहावीत यासाठी सोडलं होतं. साहेब गेले, त्यांच्या जागी आपले साहेब आले, पण माळरान तसंच राहिलं. गावातून दवाखान्यात जायचं तर सडक त्याला लांबच लांब वळसा घालून जायची.

आम्हाला घरात पहिला नियम शिकवला तो असा, की बंगल्याच्या समोरून जायचं नाही. समोर लाल मुरूम अंथरलेला, दोन्ही बाजूंना कुंड्या, आणि मोठं फाटक. आम्ही मागच्या लहान फाटकातून ये-जा करायची. शाळा समोरच्या बाजूला असली तरी. मी शाळेत जाताना पूर्ण कंपाउंडाला प्रदक्षिणा घालायची आणि ते मला अजिबात विचित्र वाटत नसे. सगळ्यांची घरं अशीच असतात, असं मी समजत होते.

आई मात्र अमडापूरकडची. आठवडी बाजाराच्या गर्दीत वाढलेली. तिला त्या शांततेचा धसका होता. "इथं हाक मारली त कोनाले आयकू येते?" असं ती वडिलांना नेहमी विचारायची. वडील म्हणायचे, "साहेबाच्या कंपाउंडात कोन हाका मारते व?" आणि ते हसायचे. आई हसायची नाही.

एकदा उन्हाळ्यात दुपारी आई सरपण काढायला गेली आणि तिला विंचू चावला. वडील साहेबांना घेऊन जळगाव जामोदकडे दौऱ्यावर गेलेले. बाईसाहेब माहेरी. बंगल्याला कुलूप, माळी जेवायला गेलेला. आई ओरडली, पण तिच्या ओरडण्याला बंगल्याच्या भिंती सोडल्या तर ऐकणारं कुणी नव्हतं. शेजारचा बंगला मेंदीच्या कुंपणापलीकडे, झाडांच्या मागे. तिचे ओठ सुकायला लागले, हाताला घाम सुटला. मी घाबरून बाहेर पळाले. मागच्या फाटकातून सडकेनं जायचं तर तो वळसा. मी उलट दिशेला वळले, बंगल्याच्या समोर गेले, लाल मुरमावरून अनवाणी धावले, कुंड्यांमधून मेंदीच्या कुंपणाला पडलेल्या भगदाडात शिरले आणि समोर एक पायवाट लागली.

ती वाट मी तोवर लांबून पाहिली होती, तिच्यावरून कधी चालले नव्हते. गावातले लोक दवाखान्याला, कोर्टाला, कचेरीला जायला माळावरून ती वापरायचे. सरळ नव्हती. बाभळीला वळसा घालून, दगड टाळून, कोरड्या नाल्यात उतरून ती थेट जुन्या गावाच्या तोंडाशी जायची. मी तिच्यावरून सुटले. गावातलं पहिलं घर मनियाराचं, बांगड्यावाल्याचं. त्याची नवी नवरी दारात बसून बांगड्यांचे तोडे दोऱ्यात ओवत होती. मी धापा टाकत म्हटलं, "मायले इच्चू चावला." ती उठली, गल्लीत उभी राहिली आणि एकच हाळी दिली. मला त्या हाळीचे शब्द आठवत नाहीत. पण गल्लीच्या वळणावरून माणसं निघाली ती आठवतात. कुणी बाज उचलली, कुणी फडकं आणलं, एक म्हातारा नुसताच काठी घेऊन निघाला. सगळे त्या वाटेनं आले, बंगल्याच्या समोरून आत शिरले, आईला बाजेवर घातलं आणि त्याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला दवाखान्यात नेलं.

आई वाचली. दोन-तीन दिवसांनी बाईसाहेब परत आल्या. माळ्यानं सांगितलं असणार. त्यांनी वडिलांना व्हरांड्याच्या पायरीखाली उभं करून विचारलं, "बंगल्यात कोण लोक आले होते?" आवाज चढवला नाही. वडील मान खाली घालून म्हणाले, "चूक झाली बाईसाहेब." घरी येऊन त्यांनी मला समोर बसवलं. "आपला रस्ता मांगून हाये. समोरून जाऊ नोको. समजलं?"

आई खाटेवर होती. ती कोपरावर उठून बसली आणि म्हणाली, "मांगचा रस्ता धरला असता त मी मेली असती. पोरीले काई बोलायचं नाई."

वडिलांनी मला त्यानंतर त्या नियमाची आठवण करून दिली नाही, आणि मीही तो पाळला नाही. शाळेत जाताना मी समोरून जायला लागले. बाईसाहेब बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. मला वाटतं त्यांनाही ते बोलून दाखवायची लाज वाटत असावी. वाटू दे.

पुढे मी नर्सिंग शिकले आणि त्याच दवाखान्यात लागले. लग्न जुन्या गावात झालं. नवरा शिवणकाम करायचा. त्याचं दुकान आणि घर एकच, गल्लीच्या मधल्या वळणावर.

जुन्या गावाचं मी खोटं गुणगान करणार नाही. पहिलं वर्षभर मला तिथे गुदमरायला व्हायचं. दारासमोर दार. कांदा चिरला तर समोरच्या घरात डोळ्यांत पाणी यावं इतकी जवळीक. बाहेर पडलं की ओट्यावरून सवाल, "कुठी चालली व?" परत आलं की, "काऊन उशीर झाला व?" आणि ही जवळीक सगळ्यांसाठी नव्हती. गल्ल्या जातीजातींच्या होत्या. आमच्या गल्लीच्या टोकाला नाल्याच्या काठावर एक वस्ती होती. तिथल्या बाया आमच्या वळणावरच्या विहिरीवर आल्या की आमच्यातल्या काही जणी दोर काढून घ्यायच्या. मी सासूबाईंना विचारलं, "हे काऊन?" त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून हाये." मी म्हटलं, "आत्याबाई, बंगल्यावरही पहिल्यापासूनच होतं." त्या दिवसापासून आमच्या घरचा दोर विहिरीवरच राहू लागला. एकीनं माझ्याशी बोलणं सोडलं. मी तिचा पाठलाग केला नाही.

पण त्या गल्लीनं मला काही गोष्टी शिकवल्या, ज्या बंगल्याच्या रस्त्यांनी शिकवल्या नव्हत्या. गल्ली वाकडी होती म्हणून उन्हाळ्यात तिच्यात कुठे ना कुठे सावली असायचीच. वळणावर समोरचा दिसत नाही, म्हणून प्रत्येकाचं पाऊल हळू व्हायचं, आणि पाऊल हळू झालं की बोलणं व्हायचं. नवऱ्याचं दुकान वळणावर होतं म्हणूनच चालायचं. सरळ सडकेवर असतं तर लोक पुढे निघून गेले असते. साहेबांच्या बाजूला रस्ते आधी आखले आणि मग माणसं आणून ठेवली. आमच्याकडे माणसं आधी चालली आणि त्यांच्या पायांनी गल्ली घडवली. म्हणून तिला जमिनीचा उतार माहीत होता, पावसाचं पाणी कुठून जातं ते माहीत होतं. माळावरची वाटही तशीच घडलेली. दोन गावांना जोडणारं तेवढंच एक, आणि ते कुणीच आखलेलं नव्हतं.

मी रोज त्या वाटेनं ड्युटीवर जायची. माझ्यासोबत अनेकदा ती बांगड्यावाली असायची. आता गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत होती. डोक्यावर बांगड्यांची मोठी गोल टोपली घेऊन ती सरकारी क्वार्टरांमधून फिरायची. दवाखान्यापर्यंत आमची सोबत.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी आम्ही दोघी निघालो आणि माळावर वाटेत चर खोदलेला दिसला. पलीकडे विटांचा ढीग, सिमेंटच्या गोण्या. मजुराला विचारलं तर म्हणाला, जुना बंगला, मी ज्याच्या मागे वाढले तोच, नव्यानं सजवणार आहेत, पाहुण्या अधिकाऱ्यांसाठी विश्रामगृह होणार आहे आणि आसपासच्या माळाला बाग करून सगळ्याला उंच भिंत घालणार आहेत. "आणि वाट?" मी विचारलं. त्यानं चारी बाजूंना पाहिलं. त्याला वाट दिसतच नव्हती. दोन्हीकडे खोदलेली माती टाकून त्यांनी ती बुजवली होती.

खाला म्हणाली, "क्या बाई, अब दवाखाने को उड के जाना क्या?"

त्या दुपारी मी गणवेशावरच भिंतीचं काम काढणाऱ्या सरकारी कार्यालयात गेले. साहेब तरुण होते, सभ्य होते. बसा म्हणाले, पाणी मागवलं. मी सांगितलं की गावातले लोक पिढ्यांपासून या वाटेनं दवाखान्यात येतात. त्यांनी नकाशा उलगडला. जुन्याच नकाशावरून काढलेला होता. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाई, यात वाट नाही."

मी वाकून पाहिलं. बंगले एकेक करून दाखवले होते. त्यांच्या विहिरी, त्यांचे तबेले, कंपाउंडातली मोठी झाडंसुद्धा. आमचं औटोसही होतं, दोन लहान चौकोन. आणि नाल्याच्या अलीकडे एक वेडावाकडा आकार काढून त्यात आडव्या रेघा मारल्या होत्या. वर लिहिलं होतं, गावठाण. बस. एकही गल्ली नाही, एकही विहीर नाही, एकही घर नाही.

"साहेब, यात माझं घर दाखवा," मी म्हटलं.

ते थोडे हसले. "तसं दाखवता येणार नाही. गावठाण एकत्रच दाखवतात."

"म्हणजे यात वाट नाही तसं माझं घरही नाही. उद्या घरावर भिंत घालाल?"

"नकाशा मी काढलेला नाही, बाई." आता त्यांचा आवाज कोरडा झाला. "आणि रस्ता बंद होतोय असं कुठे आहे? मुख्य सडक आहे ना."

"ती सडक घोडागाडीसाठी वळवली होती. आम्ही पायी येतो."

त्यांनी नकाशाची घडी घातली. मी न प्यायलेलं पाणी तिथेच ठेवून बाहेर पडले.

घरी आल्यावर नवऱ्यानं सल्ला दिला, अर्ज कर, वर जा. सासूबाई तूर निवडत होत्या. त्यांचे गुडघे तेव्हा फार दुखायचे, दवाखान्यात दर पंधरवड्याला जावं लागायचं. त्या सुपातली तूर पाखडत म्हणाल्या, "अर्ज कायले? भिंत अजून वर आली नाई न? मंग चालत राहू."

आणि आम्ही चालत राहिलो. पायाचं बांधकाम सुरू झालं तेव्हा त्यावरून ओलांडून. विटांचे थर चढायला लागले तेव्हा एकमेकींचा हात धरून. मजूर बिचारे बाजूला व्हायचे. मुकादम ओरडायचा, "बाई, सिमेंट ओलं हाये!" खाला टोपली सांभाळत म्हणायची, "तो पांव धो के आऊं क्या?" शाळेला जाणाऱ्या पोरी यायच्या, कोर्टाच्या तारखेला जाणारी माणसं यायची, नाल्याकाठच्या वस्तीतल्या बाया यायच्या, आणि एक दिवस ती माझ्याशी न बोलणारीही आली. आमच्यात तेव्हाही बोलणं झालं नाही. तिनं नुसतं पलीकडून माझ्या सासूबाईंचा दुसरा दंड धरला.

भिंत गुडघ्याच्या वर गेली त्या दिवशी सासूबाईंना ती ओलांडता येईना. त्यांनी एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला आणि मग त्या शेजारीच, त्या दिवशी जोडायला घेतलेल्या दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत, मातीवर बसल्या. "आता बांधा," त्या मुकादमाला म्हणाल्या. "मले आत घेऊन बांधा."

मी म्हटलं, "आत्याबाई, ऊन लागन."

"लागू दे. तू ड्युटीवर जाय. उशीर करू नोको."

मी ड्युटीवर गेले, पण माझं लक्ष कुठे होतं! दुपारी सुटून धावत आले तर फटीत बसायला जागा नव्हती. सासूबाईंनी कुणाकडून तरी सूप मागवून तूर निवडायला घेतली होती. खालानं टोपली उतरवून तिथेच बांगड्या भरायचं काम सुरू केलं होतं. एका पोरीचा हात हातात घेऊन ती बांगडी सरकवत होती आणि पोरगी डोळे मिटून ओठ चावत होती. नवऱ्यानं दुकानातली ताडपत्री आणून वर बांधली होती. मुकादम सावलीत बसून चहा पीत होता. चहा त्याला आमच्याच गल्लीतून आला होता.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. हवालदार गावातलाच. त्यानं कमरेवर हात ठेवले, सगळ्यांकडे पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाला, "काकू, सरकारी कामात अडथळा हाये हा."

"सरकारले म्हना, तुमच्या कामाचा अडथळा आमच्या वाटेत हाये."

"अजी, असं नसते."

"तुह्या मायले दवाखान्यात कुठून नेलं होतं रे? उचलून आनलं तेव्हा मी होती."

हवालदारानं टोपी काढून कपाळ पुसलं आणि झाडाखाली मोटारसायकल लावून तो तिथेच थांबला. त्याला आम्हाला उठवायचंही होतं आणि उठवायचंही नव्हतं.

असं बरेच दिवस चाललं. आळीपाळीनं बसायचो. भिंत दोन्हीकडून पूर्ण झाली, गिलावा झाला, पिवळा रंगही झाला, आणि मध्ये आम्ही बसलेली तेवढी फट राहिली. तरुण साहेब एकदा स्वतः आले. त्यांनी फटीतून गावाकडे पाहिलं. वाट उतरत जाऊन नाल्यात दिसेनाशी होत होती आणि पलीकडे गल्लीच्या तोंडाशी लोक उभे होते. मला वाटलं ते काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "गाड्या येऊ नयेत एवढं बघावं लागेल." मी म्हटलं, "गाड्या तुमच्याकडे आहेत, साहेब. आमच्याकडे पाय आहेत."

मग आदेश निघाला. फट ठेवायची, पण तिच्यात लोखंडी पाइप उभे करायचे, म्हणजे एका वेळी एकच माणूस अंग तिरकं करून निघेल. बाजूला पाटी लावली: सरकारी जागा, रहदारीस तात्पुरती परवानगी. गल्लीत लोकांनी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला, पण मला ते पटलं नव्हतं. आईसारखी कुणी बाजेवर आली तर त्या पाइपांतून कशी नेणार? तात्पुरती म्हणजे कधीपर्यंत? आमच्या पायांनी पाडलेल्या वाटेवर आम्हालाच परवानगी? सासूबाई म्हणाल्या, "आज एवढं झालं. बाकीचं मंग पाहू." त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. शेवटपर्यंत दवाखान्यात मात्र त्या फटीतूनच गेल्या. अंग तिरकं करून, एकेक पाय टाकत.

आता मी निवृत्त झाले. विश्रामगृह सजून उभं आहे. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, भिंतींवर साहेबांच्या काळातले फोटो. वर्तमानपत्रात त्याचं वर्णन आलं होतं, शहराचा वारसा म्हणून. आमच्या गल्लीला तेच वर्तमानपत्र कोंडी म्हणतं. ती रुंद करून सरळ करायची योजना आहे, वळणावरची घरं त्यात जाणार, आमचं दुकानही. मोजणीची माणसं आली तेव्हा मी ओट्यावरून विचारलं, "रेघ कुठून काढता?" ते म्हणाले, "सडकेच्या रेषेत." म्हणजे घोडागाडीची सडक आता गावात शिरणार. त्यांची मोजपट्टी माझ्या दारातून पलीकडे जायची होती. मी दार लावून घेतलं. त्या दिवशी ते परत गेले. पुन्हा येतील, तेव्हाही मी असेन.

गेल्या महिन्यात खालाचा निरोप आला. पाइपांमध्ये तिची टोपली अडकते. आजवर ती टोपली तिरकी करून काढायची, पण आता हात थरथरतात, बांगड्या फुटतात. मी गेले. आम्ही दोघींनी कार्यालयात जाऊन सांगितलं की मधला पाइप काढा. आता साहेब नवे आहेत. ते म्हणाले, पाहतो. आम्ही वाट पाहिली. मग गल्लीतल्या वेल्डरला घेऊन भरदुपारी फटीपाशी गेलो आणि मधला पाइप बुडातून कापून घेतला. येणारे-जाणारे थांबून बघत होते. एकानं विचारलं, "परवानगी हाये का व?"

खाला म्हणाली, "हाव. हमने दी."

पाइप आम्ही उचलून कार्यालयाच्या पायरीवर नेऊन ठेवला. आत जाऊन नव्या साहेबांना सांगितलं की तुमची वस्तू परत आणली आहे, चोरी केलेली नाही. आणि पुन्हा बसवलीत तर पुन्हा कापू. मग आम्ही बाहेर पडलो. खालाला क्वार्टरांकडे जायचं होतं, मला गावात. मी भिंतीपाशी आले तर समोरून दोघं जण एका आजारी माणसाला खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून घेऊन येत होते. मी बाजूला झाले. खुर्ची आरामात निघून गेली.